शंभरी ओलांडलेल्या वेलींची झिनफँडेल: बाटली कशी निवडावी, कशी ठेवावी, कशी प्यावी

बाबा दिंडोरीहून पहिल्यांदा कॅलिफोर्नियात आले, तेव्हा गोल्डन गेट पुलाच्याही आधी मी त्यांना लोडायची एक द्राक्षबाग दाखवायला नेलं. फेब्रुवारी होता, वेली उघड्या होत्या. ना मांडव, ना तार, ना ठिबकची नळी. वाळूत गुडघ्या-कमरेएवढे काळे, पिळवटलेले बुंधे उभे होते. चाळीस वर्षं द्राक्षं काढलेला माणूस एका बुंध्याभोवती दोनदा फिरला, उकिडवा बसला आणि म्हणाला, “खुंट कोणता?” म्हणजे कलम कोणत्या मुळांवर केलंय.

“खुंट नाही बाबा. स्वतःच्याच मुळांवर आहे. शंभराच्या वर वय आहे हिचं.”

“माल किती?”

“एकरी दोन-तीन टन.”

आमच्याकडे बाग पंधरा-वीस वर्षांची झाली, माल घटला, की उपटायची भाषा सुरू होते. त्यामुळे बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: “मग ठेवली कशाला?”

ह्या प्रश्नाचं उत्तर बाटलीत असतं, पण प्रत्येक बाटलीत नसतं. ‘ओल्ड व्हाइन’ (म्हणजे जुनी वेल) असं छापलेली, झिनफँडेल ह्या द्राक्षाची वाइन अमेरिकेतल्या बऱ्याच सुपरमार्केटांत मिळते. त्यातली खरोखर जुन्या बागेची कोणती, हे ओळखता यायला हवं. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, राहणारे आणि तिकडे मुलांकडे येणारे मराठी मित्र मला हे वारंवार विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतो आहे.

पहिली पायरी: वेल समजून घ्या

झिनफँडेल हे काळं द्राक्ष कॅलिफोर्नियाचं म्हणून ओळखलं जातं, पण ते मूळचं तिथलं नाही. १८२० च्या दशकात लाँग आयलंडवरच्या जॉर्ज गिब्ज ह्या रोपवाटिकावाल्याने व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून ज्या काड्या मागवल्या, त्यांतून ते अमेरिकेत आलं असं मानलं जातं. आधी बॉस्टनकडे लोक ते काचघरात खाण्यासाठी पिकवत, आणि सोन्याच्या शोधात माणसं पश्चिमेला धावली त्यांच्या मागोमाग, १८५० च्या दशकात, ते कॅलिफोर्नियात पोचलं. त्याचं मूळ घर कोणतं, हा वाद मात्र दीडशे वर्षं चालला. दक्षिण इटलीतलं प्रिमितिवो हे तेच द्राक्ष, हे आधी कळलं. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरल मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठाचे इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी क्रोएशियाचा किनारा पिंजून काढला. २००१ साली काश्तेल नोवी गावातल्या एका जुन्या बागेतल्या वेलीचा डीएनए जुळला. स्थानिक नाव त्स्र्ल्येनाक काश्तेलान्स्की. त्याचंच आणखी जुनं नाव ट्रिबिद्राग.

बाटली निवडताना ह्या द्राक्षाचा स्वभाव ठाऊक असणं जास्त कामाचं आहे. झिनफँडेलचा घड गच्च असतो, साल पातळ, आणि मणी एकसारखे पिकत नाहीत. एकाच घडात हिरवा मणी, पिकलेला मणी आणि सुकून मनुका झालेला मणी शेजारी शेजारी बसलेले असतात. आपण खाण्याच्या द्राक्षाला जिब्रेलिक हे संजीवक देतो, विरळणी करतो, घड सुटसुटीत करतो. इथे ते काही नाही. त्यामुळे बागेत साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर २४ ब्रिक्स दिसलं तरी ते अर्धसत्य असतं. माल टाकीत पडला की मनुकांमधली साखर हळूहळू रसात उतरते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत आकडा वर गेलेला असतो. झिनफँडेलमध्ये अल्कोहोल इतकं चढतं त्याचं एक मोठं कारण हेच.

जुनी वेल इथे उपयोगी पडते. तिचा जोर ओसरलेला असतो, घड कमी लागतात, मणी लहान राहतात. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, तुरटपणा, वास हे बरंचसं सालीतच असतं. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. अशा जिरायती बागेत वेलीला ओल शोधत खोल जावंच लागतं. पाणी तोडलेल्या तरुण वेलीसारखी ती उन्हाच्या एका लाटेत कोमेजून जात नाही. तरीही सांगतो, वय म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. जुन्या बागांमध्ये लीफरोल विषाणू असतो, त्याने पिकणं लांबतं. बुंध्याच्या रोगांनी फांद्या मरतात. वाईट जागी लावलेली वेल शंभर वर्षांनीही वाईट जागीच असते. पण ह्या बागांची एक चाळणी काळाने आधीच लावली आहे. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत, नंतरच्या मंदीत आणि कॅबर्ने ह्या दुसऱ्या द्राक्षाच्या लाटेत ज्या बागा कुणीतरी राखून ठेवल्या, त्यांत चांगल्या जागांचं प्रमाण मोठं आहे.

दारूबंदीत त्या टिकल्या कशा, असं बाबांनी विचारलं होतं. कायद्यात घरगुती वापरासाठी वर्षाला २०० गॅलन फळांचा रस करायला मुभा होती. रस आंबला तर आंबला! रेल्वेच्या डब्यांतून द्राक्षं शिकागो-न्यूयॉर्ककडे जायची, तिथली इटालियन कुटुंबं तळघरात वाइन करायची. पुढे १९७० च्या दशकात ह्या वेली वाचवल्या त्या गुलाबी, गोडसर वाइनने. १९७५ साली सटर होम वाइनरीत बॉब त्रिंकेरो यांची एक टाकी साखर शिल्लक असतानाच आंबायची थांबली. ती ‘व्हाइट झिनफँडेल’ लोकांना इतकी आवडली की झिनफँडेलला मागणी आली आणि कित्येक जुन्या बागांवरची कुऱ्हाड टळली. त्या गुलाबी वाइनला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, मी ठेवत नाही. फक्त आपण शोधतो आहोत ती वाइन ही नव्हे. आपल्याला लाल, कोरडी हवी.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा: जुन्या बागेत क्वचितच एकटं झिनफँडेल असतं. १८८० च्या दशकात बाग लावणारा शेतकरी एकाच बागेत मिसळून लावायचा. रंगासाठी आलिकांते बुशे, दाटपणासाठी पेतीत सिरा, आंबटपणासाठी कॅरिन्यान, शिवाय मातारो आणि अशी किती तरी. सगळा माल एकत्र तोडायचा आणि एकाच टाकीत आंबवायचा. त्याला ‘फील्ड ब्लेंड’ म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागातली बेडरॉक बाग ह्याचा उत्तम नमुना आहे. १८५४ साली ती जोसेफ हुकर आणि विल्यम टेकम्से शर्मन यांनी लावली. दोघेही पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनापती झाले. मुळांना लागणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने ती गेल्यावर १८८८ मध्ये जॉर्ज हर्स्टने पुन्हा लावली. त्या वेळच्या वेलींत वीसहून जास्त जाती आजही मिसळलेल्या आहेत. आजीच्या गोड्या मसाल्यात दगडफूल किती आणि तीळ किती हे जसं वेगळं काढता येत नाही, तसंच हे. मिश्रण वाइनमेकरने ठरवलेलं नसतं, सव्वाशे वर्षांपूर्वी बागेतच ठरलेलं असतं.

दुसरी पायरी: लेबल वाचा, आणि सावकाश वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

‘ओल्ड व्हाइन’ ह्या शब्दांना अमेरिकेच्या कायद्यात काहीही अर्थ नाही. पंचवीस वर्षांच्या वेलीलाही ते लावता येतात आणि सव्वाशे वर्षांच्याही. ‘एन्शंट व्हाइन्स’ वगैरे भारदस्त शब्दांचंही तेच. ऑस्ट्रेलियात बारोसाच्या उत्पादकांनी २००९ मध्ये स्वतःहून पायऱ्या ठरवल्या: ३५ वर्षांवरची ‘ओल्ड’, ७० वरची ‘सर्व्हायव्हर’, १०० वरची ‘सेंटेनेरियन’, १२५ वरची ‘अँसेस्टर’. कॅलिफोर्नियात लेबलवर अशी बांधील पायरी नाही. म्हणून ते दोन शब्द दिसले की मी त्यांच्यावरून नजर पुढे नेतो आणि बागेचं नाव शोधतो.

बागेचं नाव छापायचं तर किमान ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेतली असावी लागतात. हा नियम कडक आहे. म्हणजे ‘ओल्ड व्हाइन झिनफँडेल, कॅलिफोर्निया’ ह्या बाटलीतला माल राज्यात कुठूनही गोळा केलेला असू शकतो, पण ‘मॉन्टे रोसो व्हिनयार्ड’ लिहिलं असेल तर ती सोनोमाच्या डोंगरावरची लाल मातीची, १८८६ पासूनची बाग आहे. त्या खालोखाल प्रदेशाचं नाव: ‘ड्राय क्रीक व्हॅली’, ‘मोकेलम्नी रिव्हर’ अशा ठरवून दिलेल्या क्षेत्राचं नाव असेल तर ८५ टक्के माल तिथला. आणि द्राक्षाचं नाव छापायला ते द्राक्ष ७५ टक्के असलं की पुरतं.

ह्या शेवटच्या आकड्यामुळे एक गंमत होते. फील्ड ब्लेंडमध्ये झिनफँडेल ७५ टक्क्यांच्या खाली गेलं, तर लेबलवर झिनफँडेल हा शब्दच ठळक दिसत नाही. रिज वाइनरीची ‘गायझरव्हिल’ ही १९६६ पासून निघणारी वाइन ह्याचं प्रसिद्ध उदाहरण. दुकानात तुम्ही झिनफँडेलच्या फळीसमोर उभे असता आणि ती भलतीकडेच ठेवलेली असते. रिजच्या लेबलवर प्रत्येक द्राक्षाची टक्केवारी छापलेली असते आणि २०११ च्या हंगामापासून वाइनमध्ये काय काय घातलं त्याची यादीही असते. लेबल वाचायला शिकायचं तर ह्या एका बाटलीपासून शिका. मीही तसाच शिकलो.

आता अल्कोहोल. १४ टक्क्यांवरच्या वाइनला छापील आकड्यापेक्षा एक टक्का इकडेतिकडे चालतं. १५.५ लिहिलं असेल तर आत १४.५ ते १६.५ यांपैकी काहीही असू शकेल. जास्त आकडा म्हणजे वाईट वाइन, असं मी मानत नाही; झिनफँडेलला तो साजतो. पण सुरुवात करणाऱ्याने १४ ते १५ च्या दरम्यानची बाटली घ्यावी. तिथे फळ, मसाला आणि मातीचा वास सुटे सुटे कळतात. १६ च्या आसपास बऱ्याचदा मनुका आणि गरमपणाच पुढे येतो.

बागेचं नाव मिळालं की वय तपासा. त्यासाठी ‘हिस्टॉरिक व्हिनयार्ड सोसायटी’ ह्या संस्थेने कॅलिफोर्नियातल्या ऐतिहासिक बागांची नोंदवही इंटरनेटवर खुली ठेवली आहे. निकष सरळ आहे: मूळ लागवड किमान ५० वर्षांपूर्वीची हवी आणि आज माल देणाऱ्या वेलींपैकी एकतृतीयांश तरी त्या मूळ लागवडीपर्यंत मागे नेता आल्या पाहिजेत. एकतृतीयांशच का? कारण जुन्या बागेत वेली मरून नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतातच. तिथे नवी रोपं लावतात, किंवा बाग स्वतःच्या मुळांवर असेल तर शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून दाब कलम करतात. नोंदवहीत बागेचं नाव टाका. लागवडीचं वर्ष आणि त्यात कोणकोणती द्राक्षं आहेत ते बहुधा सापडतं. दुकानात उभ्या उभ्या फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. मी आजही करतो.

लेबलवर ‘प्रिमितिवो’ दिसलं तर गोंधळू नका. डीएनए एकच असला तरी अमेरिकेच्या लेबलच्या नियमांत ही दोन वेगळी नावं धरली जातात. कॅलिफोर्नियातल्या जुन्या बागा झिनफँडेलच्या नावाने असतात.

तिसरी पायरी: पहिल्या तीन बाटल्या

एक बाटली आणून ‘झिनफँडेल कशी लागते’ हे कळत नाही. तीन आणा, तीन वेगळ्या मातींच्या, शक्यतो एकाच वर्षाच्या. खर्च जास्त वाटेल, म्हणून चार-पाच जण मिळून करा.

पहिली लोडायची, मोकेलम्नी नदीकाठची. इथली माती खोल, वाळूसारखी. फिलॉक्सेरा किडीला वाळूत पसरता येत नाही, त्यामुळे इथे खुंटावर कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली शंभरी गाठून आहेत. आपल्याकडे वाळूत बाग म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात; इथे वाळूनेच बाग राखली. वाइन मऊ, लाल फळांची, तुरटपणा कमी, मागे थोडा मातकट वास. ‘लोडाय नेटिव्ह’ लिहिलेली मिळाली तर नक्की घ्या. तो काही वाइनमेकरांचा २०१२ च्या हंगामापासूनचा उपक्रम आहे: एकाच बागेचा माल, बाहेरचं यीस्ट नाही, ओकचं नवं पिंप नाही. बाग नुसती बागेसारखी कळते.

दुसरी सोनोमाची. ड्राय क्रीक व्हॅली, रशियन रिव्हर किंवा सोनोमा व्हॅली, यांतलं काहीही. इथली फील्ड ब्लेंड घ्या. इथे बहुतेक बागा फिलॉक्सेरानंतर सेंट जॉर्ज खुंटावर लावलेल्या आहेत. ड्राय क्रीकच्या वाइनमध्ये रानबेरी आणि काळी मिरी ह्यांचा वास इतका ठसठशीत असतो की पहिल्या घोटातच ओळख पटते. माझी स्वतःची ओढ ह्या भागाकडे आहे, हे लपवत नाही.

तिसरी अमाडोर काउंटीची, सिएराच्या पायथ्याची. हा सोन्याच्या खाणींचा मुलूख. खाणकामगारांची तहान भागवायला इथे वेली लागल्या. ‘ओरिजिनल ग्रँडपेअर’ ही इथली बाग १८६९ च्या दस्तऐवजात नोंदलेली आहे. झिज झालेल्या ग्रॅनाइटची माती, दिवसा कडक ऊन, रात्री गारवा. वाइन दाट, मसालेदार, उन्हात तापलेल्या दगडासारखी.

ह्याशिवाय काँट्रा कोस्टातल्या अँटिओकजवळ निव्वळ वाळूत उभी असलेली १८९० च्या दशकातली एव्हँजेलो बाग आहे, पासो रोबल्सकडे दुसीसारख्या १९२० च्या दशकातल्या बागा आहेत. पण त्या नंतर.

भावाबद्दल दोन शब्द. बागेचं नाव असलेली चांगली बाटली साधारण २५ ते ६० डॉलरला येते. लोडायची बहुधा खालच्या टोकाला. दहा डॉलरच्या ‘ओल्ड व्हाइन’ बाटलीत कुणा नामांकित जुन्या बागेचा माल नसतो, हिशेबच बसत नाही. एकरी दोन टन माल, मांडव नसल्याने यंत्राने तोडता येत नाही, सगळी तोडणी हाताने, आणि त्याच जमिनीवर कॅबर्ने लावलं तर नापासारख्या ठिकाणी टनाला कितीतरी पट भाव. गेल्या काही वर्षांत वाइनची मागणी घटल्यावर लोडायमध्ये शंभरीच्या आसपासच्या बागाही उपटल्या गेल्या. द्राक्षाला भाव मिळाला नाही की बागायतदार काय करतो, हे नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बाबांच्या ‘ठेवली कशाला’चं निम्मं उत्तर इथे आहे: कुणीतरी त्या बागेच्या नावाने जास्त पैसे मोजतं म्हणून.

टर्ली, बेडरॉक, कार्लाइल, रिज ह्या वाइनरींची नावं जुन्या बागांसाठी खात्रीची आहेत. यांतल्या बऱ्याच वाइन थेट वाइनरीकडून, सभासद यादीत नाव नोंदवून मिळतात. दुकानात मिळाल्या तर दुकान बघून घ्या: बाटल्या काचेच्या खिडकीत उन्हात उभ्या असतील तर तिथे महाग बाटली घेऊ नये.

चौथी पायरी: घरात ठेवणं आणि वाढण्याआधीची तयारी

ठेवायची तर आडवी, अंधारात, १२ ते १५ अंशांच्या आसपास. वाइनचं कपाट नसेल तर घरातला सगळ्यात थंड कोपरा, पण फ्रिजच्या डोक्यावर आणि गॅसजवळच्या कपाटात कधीही नाही. तापमान सारखं वरखाली होण्याने वाइन जास्त बिघडते. पुण्या-नाशिकच्या घरात उन्हाळा काढायचा असेल तर तो फ्रिजच्या खालच्या खणातच काढावा, दुसरी सोय नाही.

किती वर्षं ठेवावी? बहुतेक झिनफँडेल हंगामापासून तीन ते आठ वर्षांत उत्तम असते. फळ हाच तिचा जीव, आणि तो आधी जातो. पेतीत सिरा, कॅरिन्यान भरपूर असलेल्या फील्ड ब्लेंड मात्र दहा-पंधरा वर्षं सहज चालतात. दोन बाटल्या घ्या: एक आत्ता, एक सहा वर्षांनी. तोवर वहीत लिहून ठेवा, लक्षात राहत नाही.

वाढायचं तापमान १५ ते १७ अंश. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. लाल वाइन ‘घरच्या तापमानाला’ हा नियम थंड देशांतल्या दगडी घरांचा. आपल्या ३० अंशांच्या खोलीत १५ टक्के अल्कोहोलची वाइन उघडली तर नाकात फक्त स्पिरिटचा झणका जातो आणि माणूस म्हणतो, ‘कडक आहे’. वाइन कडक नसते, तापलेली असते. खोली ३० अंशांची असेल तर बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर थंड करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून चिकटतं. पेल्यात फार गार वाटली तर तळव्यात धरा, पाच मिनिटांत येते.

तरुण बाटली असेल तर अर्धा-पाऊण तास आधी काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. दहा वर्षांवरची असेल तर आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी बसू द्या, मग उजेडासमोर धरून एका धारेत हळूहळू ओता. मानेशी गाळ दिसला की थांबा. तो गाळ अपायकारक नाही, फक्त कचकचतो. पेला मोठ्या पोटाचा घ्या आणि तिसरा हिस्साच भरा.

पाचवी पायरी: चव घ्या

तिन्ही बाटल्या शेजारी शेजारी ओता. आधी न हलवता वास घ्या, मग पेला फिरवून. झिनफँडेलमध्ये तीन थर शोधा: फळ, मसाला, आणि त्याखालचं काहीतरी वेगळं. फळ ताजं आहे, मुरांब्यासारखं शिजलेलं आहे की मनुकांसारखं सुकलेलं? एकाच घडात हिरव्या मण्यापासून मनुकेपर्यंत सगळं असतं हे आठवा. चांगल्या बाटलीत ताजं आणि सुकं दोन्ही असतं, वाईट बाटलीत एकच. मसाल्यात काळी मिरी, लवंग, कधी दालचिनी. व्हॅनिला किंवा ओल्या खोबऱ्यासारखा गोड वास बहुधा ओकच्या पिंपाचा असतो, द्राक्षाचा नव्हे.

मग घोट. जिभेच्या कडांना लाळ सुटते का ते बघा, तो आंबटपणा. झिनफँडेलमध्ये तो नसेल तर वाइन जड आणि आळशी लागते. हिरड्यांवर सुपारीसारखं ओढलं जातं तो तुरटपणा. गिळल्यावर घशात जळजळ राहिली तर अल्कोहोल तोलात नाही.

जुन्या वेलीचं नेमकं काय कळतं? माझ्या अनुभवात ते वासात फारसं कळत नाही, घोटाच्या मध्यात कळतं. साधी झिनफँडेल सुरुवातीला मोठा आवाज करते, मग मधेच पोकळ होते आणि शेवटी गोडसर संपते. जुन्या बागेची वाइन मधे भरलेली राहते आणि गिळल्यावरही सावकाश उतरते. शंका वाटली तर दहा डॉलरची एक साधी ‘ओल्ड व्हाइन’ चौथा पेला म्हणून ठेवा. फरक कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

सहावी पायरी: ताटात काय असावं

अल्कोहोल जास्त असलेली वाइन तिखटाची आग वाढवते. म्हणून तांबडा रस्सा, ठेचा, मिसळ ह्यांच्याबरोबर ही वाइन देऊ नका. दोन्ही वाया जातात. नारळाच्या दुधातली माशांची आमटीही नको.

तिची खरी मैत्री गोड्या मसाल्याशी आहे. गूळ घातलेली भरली वांगी हा माझा पहिला सल्ला. मसाल्यातली लवंग-दालचिनी वाइनमधल्या लवंगेला भेटते, शेंगदाण्याचा कूट तुरटपणा मऊ करतो. चुलीवर किंवा थेट जाळावर भाजलेलं भरीत, धुराच्या वासामुळे. मटण करायचं तर सुकं, मिरी-खोबऱ्याच्या वाटणाचं, लाल तिखट हात राखून. खिमा चालतो. भाजणीचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा ह्यांच्याबरोबर लोडायची मऊ बाटली इतकी छान लागते की मी ते पाहुण्यांना मुद्दाम देतो. जेवणानंतर थोडी उरली तर जुन्या चेडरबरोबर. श्रीखंड-बासुंदीसोबत मात्र नको. गोडापुढे ही वाइन आंबट आणि ओकीबोकी होते.

सातवी पायरी: बाग बघायला जायचं असेल तर

सॅन फ्रान्सिस्कोहून सोनोमा व्हॅली तास-सव्वा तासावर, लोडाय दीड-दोन तासांवर. केनवुडजवळ हायवे १२ च्या कडेलाच पगानी रँच आहे, लागवड १८९६ पासूनची. गाडी बाजूला घेऊन कुंपणाबाहेरूनही बुंधे दिसतात. हील्ड्सबर्गजवळ रिजच्या लिटन स्प्रिंग्ज वाइनरीत तर चव घेण्याच्या जागेभोवतीच जुनी बाग आहे. आधी वेळ ठरवून जा.

कधी जायचं ते तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा वाइनरीत कुणाला बोलायला वेळ नसतो. फील्ड ब्लेंड डोळ्यांनी बघायचं तर ऑक्टोबर अखेर गाठा. पानं रंगतात तेव्हा आलिकांते बुशेची वेल गडद किरमिजी होते आणि शेजारची झिनफँडेल पिवळट राहते. कुठली वेल कुठे मिसळली आहे ते लांबूनच दिसतं. आणि बुंधे बघायचे तर जानेवारी-फेब्रुवारी. ओळींत पिवळी मोहरी फुललेली असते, छाटणी चालू असते, त्याच दिवसांत नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जोरात असते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, वर्षात दोन छाटण्या होतात. इकडची वेल दर हिवाळ्यात झोपते.

नाशिकमध्येही झिनफँडेल आहे. सुलाची गुलाबी झिनफँडेल बहुतेकांना ठाऊक असेल, आणि सुलाच्या सुरुवातीच्या वाइन घडवणारे सल्लागार केरी डॅम्स्की हे सोनोमाचेच. पण २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, म्हणजे आपल्याकडच्या वेली ह्या हिशेबात अजून शाळकरी आहेत.

बागेत दोन गोष्टी पाळा. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना बुटांची माती झटकून, धुऊन घ्या. फिलॉक्सेरा मातीतून जातो आणि स्वतःच्या मुळांवरच्या वेलीला त्याच्यापुढे कसलंच संरक्षण नसतं. आणि कितीही मोह झाला तरी काडी तोडून भारतात नेऊ नका. बाबांनी खाली पडलेली छाटणीची एक काडी उचलून दोन डोळे मोजले होते आणि खिशात घातली होती. गाडीजवळ आल्यावर स्वतःच परत जाऊन बुंध्याशी ठेवून आले. बाहेरची काडी विलगीकरणाशिवाय गावात आणली तर काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

न्यायचीच तर बाटली न्या. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. जाड मोज्यात बूच वर करून गुंडाळा, बॅगेच्या मध्यभागी, सगळीकडून कपडे. पोचल्यावर लगेच उघडू नका. हिंदकळलेली वाइन दोन आठवडे शांत पडू द्या.

बाबांनी दोन नेल्या, दोन्ही लोडायच्या त्याच बागेच्या. एक शेजारच्या काकांबरोबर भरल्या वांग्यांसोबत उघडली, आधी बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून. फोनवर मी विचारलं, कशी वाटली. म्हणाले, “मधे पोकळ नाही रे.” दुसरी अजून फ्रिजच्या खालच्या खणात आहे.